केतकीच्या मशीनवरचं माझं काम

आमच्या घरात सकाळ कोंबड्यानं व्हायची ती आजोबांच्या काळात. माझ्या वेळेला ती कंपनीच्या भोंग्यानं व्हायची. घोटावड्यात आमच्या घरामागं आण्णांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, पत्र्याच्या सहा खोल्या काढल्या होत्या आणि त्यात आसपासच्या कारखान्यांत कामाला जाणारी बिहार-ओडिशाकडची माणसं भाड्यानं राहायची. भोंगा झाला की सहा खोल्यांतले सहा कुकर एकामागून एक शिट्ट्या मारायला लागत. पाठोपाठ मोहरीच्या तेलाचा वास आमच्या स्वयंपाकघरात शिरे आणि आई नाकाला पदर लावून म्हणे, ह्यांच्या फोडणीनं माझी म्हस शिंकतीय. तोंडानं असं म्हणायचं आणि हातानं त्यांच्यासाठी ताकाचा तांब्या भरून ठेवायचा, अशी आमची आई. मुठा खोऱ्यातलं तिचं माहेर, त्यामुळे बोलणं फटकळ. चुलीपुढं बसून ती भाकऱ्या थापायची, आणि मी शेजारी उकिडवी बसून रात्रीचा इंद्रायणीचा भात लसूण घालून परतून खायची. डब्यात दोन भाकऱ्या, पावट्याची उसळ, मिरचीचा ठेचा. तो डबा आणि गळ्यात कंपनीचं कार्ड अडकवून मी फाट्यावर उभी राहायची, सिक्स सीटरमध्ये दहावी म्हणून कोंबली जायची आणि माण गावावरून हिंजवडीला उतरायची.

आमच्या घराण्यात कॉम्प्युटरवर पोट भरणारी मी पहिलीच. कॉलेज संपल्यावर एक वर्ष क्लास करून, तीन ठिकाणी नापास होऊन, चौथ्या कंपनीत लागले. ज्या इमारतीत मी बसायची तिचं पार्किंग माझ्या मावशीच्या नणंदेच्या शेतावर होतं. तिथं गाडी लावणाऱ्यांना हे सांगून काय उपयोग, म्हणून मी ते कधी कुणाला सांगितलं नाही. तसं मी काहीच कुणाला सांगत नसे. आमचे मॅनेजर राघवन चेन्नईकडचे, सौम्य माणूस. पहिल्याच दिवशी त्यांनी मला सांगितलं की इथं सर म्हणायचं नाही, नावानं हाक मारायची. वडलांच्या वयाच्या माणसाला नावानं हाक मारायची म्हणजे काय! मी मधला मार्ग काढला. त्यांना कशानंच हाक मारायची नाही. दीड वर्ष मी त्यांच्या समोर जाऊन घसा खाकरून उभी राहत होते.

आता सावडीबद्दल सांगितलं पाहिजे, कारण माझं सगळं चुकलं ते तिथून. भातलावणी एकट्यादुकट्या घराचं काम नाही. आवणातली, म्हणजे आधी पेरून ठेवलेल्या वाफ्यातली, रोपं उपटायची, मुठी बांधायच्या, चिखलात वाकून ओळीनं लावत जायचं, आणि तेही पाणी खाचरात आहे तोवर. म्हणून सात-आठ घरं मिळून सावड धरतात. आज सगळ्या बाया एकीच्या खाचरात, उद्या दुसरीच्या. कुणी कुणाला मजुरी द्यायची नाही, ज्याचं खाचर त्यानं दुपारचं जेवण घालायचं. आईनं मला नववीपासून सावडीला नेलं. तिथला एक न बोललेला नियम असा की दुसऱ्याच्या खाचरात उतरलं की ते आपलंच समजून लावायचं आणि वर आलं की विसरून जायचं. 'अमकीचं खाचर मी लावलं' असं म्हणत फिरणाऱ्या बाईला गावात काडीची किंमत नसे. पीक ज्याचं त्याचं. मला तो नियम इतका अंगवळणी पडला होता की तो नियम आहे हेच मी विसरले होते.

आमची टीम अकरा जणांची. परदेशातल्या एका बस कंपनीचं तिकीट आरक्षणाचं सॉफ्टवेअर आम्ही सांभाळत होतो. प्रत्येकाकडे त्यातला एक भाग, प्रत्येकाचं मशीन वेगळं, लॉगिन वेगळं. ज्याच्या लॉगिनवरून काम आत जाई त्याचं नाव त्या कामापुढं आपोआप लागे. हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण ते ध्यानात धरण्यासारखं वाटलं नाही इतकंच. कुणी अडलं, 'सुवर्णा, जरा बघतेस का' म्हणालं, की मी उठायची, त्याच्या खुर्चीत बसायची, त्याच्या मशीनवर काम निस्तरून द्यायची आणि आपल्या जागी परत यायची. माझ्या स्वतःच्या वाट्याला आलेला भाग सोपा होता, छापील तिकिटाचा. तो मी दुपारपर्यंत उरकत असे. उरलेला वेळ मी दुसऱ्यांच्या चिखलात.

एक मात्र कबूल करते, त्यात मी शिकले भरपूर. हल्ली नवीन पोरंपोरी मला विचारतात की मॅडम, तुम्ही एवढं कसं शिकलात, कुठला कोर्स केलात. कोर्सबिर्स काही नाही. दुसऱ्यानं मोडून ठेवलेलं जोडायला बसलं की त्यानं काय मनात धरून ते बांधलं होतं हे कळायला लागतं. मी एक दोनशे पानी वही घातली होती. त्यात काय बिघडलं, का बिघडलं आणि कशानं बरं झालं हे मराठीत लिहायची, कारण इंग्रजीत लिहायला गेलं की विचारच थांबायचा. दीड वर्षात ती वही भरली. अकराच्या अकरा जणांचे भाग मला आतून माहीत झाले. आणि हे मला सोडून कुणालाही माहीत नव्हतं.

सगळ्यात जास्त हाक यायची ती केतकीची. केतकी माझ्या शेजारी बसायची. पुण्यातल्या जुन्या पेठेतली, इंग्रजी शाळेतली, गोरीपान, हसरी. मीटिंगमध्ये ती बोलायला लागली की परदेशातले लोकसुद्धा मध्ये बोलत नसत. उथळ पाण्याला खळखळाट फार, असं मी मनात म्हणत असे, पण ते खरं नव्हतं. मुलगी उथळ नव्हती. माझ्या डब्यातली भाकरी आवडीनं मागून खायची, आपली पुरणपोळी मला द्यायची, आणि आमच्या टीममध्ये मला कपडे-चपलांवरून न जोखणारी ती एकटीच. तिच्या वाट्याला सगळ्यात अवघड भाग आला होता, जागा राखून ठेवण्याचा, आणि तो तिला झेपत नव्हता. अडली की ती पाच मिनिटं डोकं खाजवायची आणि मग माझ्याकडे बघायची. मी उठायचीच.

त्या भागात एक भयंकर दोष होता. दोन माणसांनी अगदी एकाच क्षणी एकच सीट मागितली तर ती दोघांनाही मिळायची. पंगतीत एका पाटावर दोन पाहुणे बसवावेत तसं. रोज व्हायचं नाही, पण महिन्यातून चार-दोनदा व्हायचंच, आणि मग परदेशात कुठल्या तरी स्टँडवर दोन माणसं एका खुर्चीवरून भांडायची. टीममध्ये तीन जणांनी आधी हात टेकले होते. मी केतकीच्या खुर्चीत चार दिवस बसले आणि तो दोष काढला. पहिल्यानं सीटला हात लावला की दुसऱ्याला थांबवून धरायचं, एवढंच त्याचं मर्म. पण ते कुठं थांबवायचं हे शोधायला चार दिवस गेले. दोष गेला. बस कंपनीकडून केतकीच्या नावानं कौतुकाचं पत्र आलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. केतकीनं माझ्याकडे बघून ओठांनी थँक्यू म्हटलं. मला मनापासून आनंद झाला. खोटं कशाला बोलू, वाईट वाटण्यासारखं काही घडलंय असं वाटलंच नाही.

मग एके दिवशी राघवननी आम्हाला एकेकाला आत बोलावलं. जुनं काम संपत आलं होतं. बस कंपनी नवीन सॉफ्टवेअर बांधायला देणार होती आणि त्यासाठी अकरातले पाच जणच ठेवायचे होते. उरलेले बेंचवर, म्हणजे बिनकामाचे बसून राहणार आणि मग कंपनी पाठवील त्या गावाला जाणार. बंगलोर, चेन्नई, कुठंही. इतरांचं ठीक होतं. माझं तसं नव्हतं. मी रोज घरी येते म्हणूनच आण्णांनी नोकरीला हो म्हटलं होतं. बाहेरगावी एकटी पोरगी ते पाठवणार नाहीत हे मला शंभर टक्के माहीत होतं. म्हणजे त्या पाचांत नाव आलं नाही तर माझी नोकरी संपली, आणि मग पौडाकडचं एखादं स्थळ बघायचं. राघवननी माझी फाईल उघडली, बराच वेळ पाहिली आणि अवघडल्यासारखे म्हणाले, "सुवर्णा, तुझ्या नावावर तिकिटाच्या छपाईशिवाय काही दिसत नाही मला. दीड वर्षं तू करत काय होतीस?" मी घसा खाकरला. हातच्या काकणाला आरसा कशाला, हे वाक्य लहानपणापासून ऐकलेलं. पण काकण दुसऱ्याच्याच हातात असेल तर काय करायचं, हे कुणी सांगितलं नव्हतं. ते म्हणाले, पुढच्या गुरुवारी प्रत्येकानं बस कंपनीच्या माणसांसमोर आपापल्या कामाबद्दल दहा मिनिटं बोलायचं आहे, त्यावरून ठरेल.

घरी आले ती तोंड पाडून. आई ओसरीवर सुपात तांदूळ निवडत बसली होती. मी शेजारी बसून खडे वेचायला लागले आणि वेचता वेचता रडायला लागले. आईनं सूप खाली ठेवलं नाही. सगळं सांग म्हणाली, मी सगळं सांगितलं. मशीन, लॉगिन, केतकी, पत्र, पाच जण. तिला त्यातलं किती कळलं देव जाणे, पण जे कळायला पाहिजे ते नेमकं कळलं. मला वाटलं होतं ती म्हणेल, जाऊ दे बाई, देव बघतोय. ती म्हणाली, "सावडीला सात घरी जाऊन राबलीस, पर आपल्या खाचराचा दिस सांगितलास का कुणाला?"

मी म्हटलं, न्हाई.

"मंग कोन येनार हाय? लोकं काय देव हायेत, तुझ्या मनातलं वळखायला? मी दरसाली सगळ्यांच्या दारात जाऊन सांगती, बायांनो, शुक्रवारी माझं हाय, कुनी घरी ऱ्हायाचं न्हाई. तवा लाज धरत न्हाई मी. लाज धरली आस्ती तर आपलं खाचर पडीकच ऱ्हायलं आस्तं."

एवढी वर्षं मी सावडीला गेले, पण ही गोष्ट माझ्या नजरेतून निसटली होती. आई आदल्या आठवड्यात घरोघर जाऊन आपला दिवस सांगते हे मी पाहिलं होतं, पण त्याला मी काम धरलं नव्हतं. मी अर्धीच सावड शिकले होते, राबायची. सांगायची शिकलेच नव्हते. मला स्वतःचा राग आला आणि थोडं हसूही आलं.

पुढचे सहा दिवस घरात माझी तालीम. गोठ्यात म्हशीपुढं उभी राहून इंग्रजीत बोलायची. म्हस कान हलवायची, एवढाच प्रतिसाद. मग आई म्हणाली, माझ्यापुढं बोल, मराठीत बोल, मला कळाया पायजे. मी बोलले. ती भाजी चिरता चिरता ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "सारखी आमी केलं, आमी केलं म्हंतीस. किती जनी हुत्या गं तितं?" मी म्हटलं, मी एकटीच होते. "मंग तसं म्हन की. का जीभ झडतीय?" खरंच झडत होती. 'मी केलं' हे दोन शब्द माझ्या तोंडून सरळ निघायला तीन दिवस लागले. आज मी लोकांना शिकवते तेव्हा सगळ्यात आधी हेच बघते, की माणूस आपल्या कामाबद्दल बोलताना स्वतःला कुठं लपवतो. मुलीच लपवतात असं नाही, गावाकडचे मुलगेही लपवतात.

पण त्या सहा दिवसांत एक गोष्ट मला छळत होती. तिकिटाच्या छपाईबद्दल बोलून मी पाचांत येणार नव्हते. बोलायचं तर त्या सीटच्या दोषाबद्दलच बोलायला पाहिजे, आणि ते काम तर केतकीच्या नावावर. मी केतकीला आधी सांगायला पाहिजे होतं. बुधवारी जेवायला बसलो तेव्हा शब्द ओठावर आले होते. तिनं माझ्या डब्यातला भाकरीचा तुकडा मोडला, उद्या मी काय नेसू, साडी की ड्रेस, असं विचारलं, आणि मी साडी म्हणाले. पुढचं बोलायचं धाडस झालं नाही. ह्याची लाज मला आजही वाटते.

गुरुवारी केतकी माझ्या आधी बोलली. साडी नेसूनच आली होती. छान बोलली, पण सीटच्या दोषाकडे आली तेव्हा एका वाक्यात पुढं गेली. टेबलावरच्या फोनच्या डब्यातून बस कंपनीच्या परदेशातल्या एका बाईंचा आवाज आला. त्यांनी विचारलं, दुसऱ्याला नेमकं कुठं थांबवलं तुम्ही, नवीन सॉफ्टवेअरमध्ये आम्हाला तेच हवं आहे. केतकी थांबली. तिला सांगता येईना. तिनं सवयीनं माझ्याकडे बघितलं. अकरा माणसं आणि राघवन त्या खोलीत बसलेली. आणि मी सवयीनं उठले, फक्त ह्या वेळी तिच्या खुर्चीत जाऊन बसले नाही, फळ्यापाशी गेले. खडबडीत इंग्रजीत, चित्र काढून, कुठं थांबवलं, आधीच्या तिघांनी जिथं थांबवलं होतं तिथं का चालत नव्हतं, सगळं सांगितलं. त्या बाई एकामागून एक विचारत गेल्या, मी सांगत गेले. राघवननी रेकॉर्ड उघडून पाहिलं आणि विचारलं की इथं तर केतकीचं नाव आहे, मग हे तुला इतकं बारीक कसं माहीत?

"हे मी केलंय," मी म्हणाले. "केतकीच्या मशीनवर बसून."

केतकीनं वहीत डोकं घातलं. तिनं नाही म्हटलं नाही, हे तिचं मोठेपण. मग राघवननी आणखी चार-पाच कामं विचारली. इतरांपैकी दोघं आपणहून म्हणाले, हो, आमच्याकडचंही हिनंच केलंय. मी दोनशे पानी वही काढून टेबलावर ठेवली. राघवनना मराठी वाचता येत नव्हतं, तरी त्यांनी पानं उलटली. सोमवारी पाच नावं लागली. माझं पहिलं होतं. केतकीचं नव्हतं.

घरी आण्णांनी पेढे आणले, भाडेकरूंना वाटले. आईनं एकदाच विचारलं, ती तुझी बामनाची मैत्रीन ऱ्हायली का गं त्या पाचात? मी न्हाई म्हटलं. ताटातला पेढा मग तिनं खाल्ला नाही, ते माझ्या चांगलं लक्षात आहे.

केतकीला बंगलोरला पाठवायचं ठरलं. तिचा शेवटचा दिवस शुक्रवार होता. आठवडाभर ती माझ्याशी कामापुरतं बोलत होती, आणि मीही तिच्या डोळ्याला डोळा देत नव्हते. शुक्रवारी दुपारी तिनं खुर्ची माझ्याकडे फिरवली. मी मनातल्या मनात शिव्या खायची तयारी केली. ती म्हणाली, "तुझ्यावर राग नाहीये माझा. तू खरं तेच बोललीस. पण दीड वर्षात एकदा तरी म्हणाली असतीस ना, केतकी, तू कर, मी शेजारी बसते. प्रत्येक वेळी मला खुर्चीतून उठवलंस तू."

ज्याचं करावं बरं तो म्हणतो माझंच खरं, असं काहीतरी माझ्या तोंडावर आलं होतं. ते मी गिळलं, कारण तेवढ्यात मला माझंच खरं दिसलं. ती अडली की माझ्याकडे बघते, हे मला आवडत होतं. इंग्रजी शाळेतली, गोरीपान, मीटिंग गाजवणारी मुलगी दिवसातून चार वेळा घोटावड्याच्या मुलीकडे बघते. ती शिकली असती तर तिनं मला हाक मारली नसती. मी तिला मदत करत नव्हते असं नाही, पण शिकवायचं मात्र मी कटाक्षानं टाळलं होतं, आणि ते सावडीच्या नावावर खपवलं होतं. मी तिला एवढंच म्हणाले, "चुकलं माझं."

ती म्हणाली, "पाच वाजेपर्यंत माझं लॉगिन चालू आहे. आता दाखव."

मी खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले आणि हात मांडीवर ठेवले. तिनं सरावाच्या प्रतीतून माझी दुरुस्ती काढून टाकली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. दहादा चुकली. माझी बोटं वळवळत होती, पण मी ती दाबून धरली. मी फक्त विचारायची, आता पहिला माणूस कुठं आहे, दुसरा कुठं आहे. ती कागदावर दोन माणसं काढायची, खोडायची, पुन्हा काढायची. चार वाजता ती चिडून उठली, पाणी पिऊन आली, पुन्हा बसली. पावणेपाचला तिनं एका सीटसाठी पडद्यावरच्या दोन खिडक्यांतून एकदमच मागणी केली. एकीला सीट मिळाली, दुसरीला नकार आला. तिनं पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तसंच.

ती माझ्याकडे वळली.

"एवढंच होतं?"

"एवढंच," मी म्हणाले.